स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कोणता पाथ लिहायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मशीनवर सुरळीत चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर पहिल्याच ओळीला अडते, तेव्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांपासून आहे, अडनिडे अपवाद शेवटी आहेत. पाथ आणि कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. फाइलमध्ये टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच करायच्या.

१. `#!` ने सुरू होणारी ओळ म्हणजे कॉमेंटच ना? मग तिचा इतका बाऊ का?

शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम), पायथन, पर्ल यांच्या दृष्टीने ती कॉमेंटच आहे. पण यांपैकी कुणी सुरू व्हायच्या आधीच ती ओळ कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, वाचतो. तुम्ही `./बॅकअप रविवार` असं टाइप केलं की कर्नल त्या फाइलचे पहिले दोन बाइट बघतो. ते `#` आणि `!` असतील, तर पुढे लिहिलेला प्रोग्रॅम सुरू करतो आणि तुमच्या फाइलचा पाथ त्याच्या हातात देतो. पहिली ओळ `#!/बिन/एसएच` असेल, तर प्रत्यक्षात चालतं ते `/बिन/एसएच ./बॅकअप रविवार`. या ओळीला शेबँग म्हणतात. ही सोय कर्नलमध्ये घालण्याचं काम डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये केलं, जानेवारी १९८० मध्ये त्याची माहिती दिली, आणि बीएसडी युनिक्समधून ती सगळीकडे पसरली.

बाऊ यासाठी, की ओळ वाचणारा कर्नल आहे, शेल नाही. कमांड कुठे शोधायच्या याची यादी `पाथ` व्हेरिएबलमध्ये असते, पण कर्नल त्यातल्या डिरेक्टऱ्या धुंडाळत नाही. त्याला `~` कळत नाही, `$होम` कळत नाही, अवतरणचिन्हंही कळत नाहीत. तिथे लिहिलंय ते अक्षरशः तसंच घेतो. एवढं पक्कं डोक्यात बसलं की खालची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

२. मी नेहमी `बॅश नाव.एसएच` असंच चालवतो. मग ही ओळ कामाची आहे का?

तशा वेळी नाही. इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम) तुम्हीच सांगितलात, कर्नलला फाइल उघडून बघायचं कारणच उरलं नाही. एक्झिक्यूट परवानगीही लागत नाही. पर्ल मात्र वेगळा वागतो: तो स्वतः ती ओळ वाचून तिथले ऑप्शन उचलतो. पण स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाला देणार असाल, तर ओळ बरोबर लिहाच. घेणारा `./नाव.एसएच` असंच चालवणार.

३. थेट पूर्ण पाथ लिहू, की `/यूएसआर/बिन/एन्व्ह` वापरू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर स्क्रिप्ट कुणाच्या मशीनवर चालणार यावर आहे.

बॅश या शेलचंच बघा. बहुतेक लिनक्सवर तो `/बिन/बॅश` इथे सापडतो. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीवर तो मूळ सिस्टीमचा भाग नाही. वेगळा इन्स्टॉल केला की `/यूएसआर/लोकल/बिन/बॅश` इथे बसतो. नेटबीएसडीवर `/यूएसआर/पीकेजी/बिन/बॅश`. मॅकवर होमब्रूने (प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनाने) घेतलेला बॅश इंटेल मशीनवर `/यूएसआर/लोकल/बिन` मध्ये, तर ॲपल सिलिकॉनवर `/ऑप्ट/होमब्रू/बिन` मध्ये. यातला कुठलाही एक पाथ लिहिलात, की बाकीची मशीनं बाद.

एन्व्हचं मूळ काम वेगळंच आहे: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून एखादा प्रोग्रॅम चालवणं. पण प्रोग्रॅम शोधताना तो `पाथ` व्हेरिएबल बघतो, आणि कर्नल जे करत नाही नेमकं तेच आपल्याला करून मिळतं. `#!/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश` लिहिलं की त्या त्या मशीनवरचा बॅश जिथे असेल तिथून उचलला जातो.

म्हणून माझं मत असं: स्क्रिप्ट इतरांना वाटायची असेल, वेगवेगळ्या सिस्टीमवर किंवा डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालायची असेल, तर एन्व्ह. ती एखाद्या सिस्टीमचाच भाग असेल, म्हणजे पॅकेजमधून जाणार, रूटने (सर्वाधिकारी वापरकर्त्याने) चालणार, रोज आपोआप सुरू होणार, तर पूर्ण पाथ. तिथे तुम्हाला नेमका तोच इंटरप्रिटर हवा असतो. वापरणाऱ्याच्या `पाथ` मध्ये आधी जो सापडेल तो नको असतो. या दुसऱ्या बाजूबद्दल प्रश्न १२ आणि १३ बघा.

साध्या शेल स्क्रिप्टला मात्र एन्व्हची गरज नाही, `#!/बिन/एसएच` पुरतं. त्यात एक खाच आहे, ती प्रश्न ५ मध्ये.

४. पण एन्व्ह स्वतः तरी सगळीकडे `/यूएसआर/बिन` मध्येच असतो का?

जवळजवळ सगळीकडे. पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या मानकाने ही जागा ठरवून दिलेली नाही. इतकंच काय, पहिली ओळ `#!` ने सुरू झाल्यास काय व्हावं हेही पॉसिक्सने मोकळं सोडलं आहे. आपण सगळे एका रूढीवर चाललो आहोत, आणि ती रूढी बरीच भक्कम आहे. निक्सओएससारखी सिस्टीम बाकी नेहमीच्या जागा रिकाम्या ठेवते, तरी `/बिन/एसएच` आणि `/यूएसआर/बिन/एन्व्ह` या दोन फाइली मुद्दाम ठेवते. अँड्रॉइडवरच्या टर्मक्समध्ये सगळं ॲपच्या स्वतःच्या डिरेक्टरीत असतं. तिथे टर्मक्सची एक लायब्ररी असे पाथ चालता चालता वळवते, किंवा `टर्मक्स-फिक्स-शेबँग` ही कमांड फाइलमधली ओळच बदलून देते.

५. `/बिन/एसएच` लिहिलं म्हणजे सगळीकडे सारखंच चालेल ना?

फाइल सगळीकडे असेल, पण ती उघडल्यावर आत कोणता शेल निघेल ते सांगता येत नाही. उबुंटूने २००६ मधल्या ६.१० आवृत्तीपासून तिथे डॅश ठेवला, डेबियनने २०११ मधल्या ६.० पासून. अल्पाइनवर तिथे बिझीबॉक्सचा ॲश असतो. फेडोरावर बॅशच, पण पॉसिक्स मोडमध्ये. सोलारिस १० वर तर जुना बोर्न शेल होता, आणि मानकाप्रमाणे वागणारा शेल `/यूएसआर/एक्सपीजी४/बिन/एसएच` इथे वेगळा ठेवलेला होता.

त्यामुळे वर `/बिन/एसएच` लिहून खाली `[[ ]]`, ॲरे किंवा `सोर्स` वापरलं, की फेडोरावर चालतं आणि उबुंटूवर डॅश `[[: नॉट फाउंड` म्हणतो. बॅशची वैशिष्ट्यं वापरायची असतील तर पहिल्या ओळीत बॅश मागा. एसएच मागितलात तर आत पॉसिक्सपुरतंच लिहा: `[[ ]]` ऐवजी `[ ]`, `सोर्स` ऐवजी नुसता टिंब. शेलचेक हे साधन पहिली ओळ वाचूनच ठरवतं की कशाला आक्षेप घ्यायचा. म्हणजे ओळ खरी असेल तर तपासणीही खरी होते.

६. `व्हिच बॅश` ने `/यूएसआर/बिन/बॅश` दाखवलं. तेच लिहिलं तर काय बिघडलं?

तुमच्या मशीनवर काहीच नाही. आजच्या बऱ्याच लिनक्सवर `/बिन` ही `/यूएसआर/बिन` कडे नेणारी नुसती लिंक आहे. फेडोराने हे २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत केलं. त्यामुळे दोन्ही पाथ चालतात आणि `व्हिच` त्यातला एक दाखवतं. पण मॅकवर बॅश फक्त `/बिन/बॅश` इथे आहे, `/यूएसआर/बिन/बॅश` अशी फाइलच नाही. फ्रीबीएसडीवर एसएच `/बिन` मध्येच. `व्हिच` आपल्या मशीनबद्दल सांगतं, दुसऱ्याच्या नाही. पूर्ण पाथ लिहायचाच असेल तर शेलसाठी जुना `/बिन` वाला लिहा.

७. एन्व्ह बॅश लिहिलंय, मॅकवर बॅश सापडतोही, तरी `डिक्लेअर -ए` वर एरर येते. असं का?

ही मोठ्या ए ची गोष्ट आहे, म्हणजे असोसिएटिव्ह ॲरे. ते बॅश ४.० मध्ये, २००९ साली आले. मॅकओएससोबत येणारा बॅश अजून ३.२ आहे, कारण त्यापुढच्या बॅशचा परवाना बदलून जीपीएल ३ झाला. शेबँग इंटरप्रिटर शोधून देते, त्याची आवृत्ती तपासत नाही. ती तपासणी स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच करा: `बॅश_व्हर्सइन्फो` ॲरेचा पहिला आकडा ४ पेक्षा लहान असेल तर "बॅश ४ किंवा नवा लागेल" असा स्वच्छ संदेश देऊन थांबा. मधेच कुठेतरी फुटण्यापेक्षा हे लाखपटीने बरं. होमब्रूचा नवा बॅश घेतला असेल आणि तो `पाथ` मध्ये आधी असेल, तर एन्व्ह तोच उचलतो.

८. `पायथन` लिहू की `पायथन३`?

`#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३`. डोळे मिटून.

नुसत्या `पायथन` या नावाचा अर्थ मशीनगणिक बदलत गेला. आर्च लिनक्सवर २०१० पासून ते पायथन ३, इतरत्र बरीच वर्षं पायथन २. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी ते नावच नाहीसं झालं: डेबियन ११ वर वेगळं पॅकेज घेतल्याशिवाय `पायथन` ही कमांड नाही, मॅकओएस १२.३ मधून जुना पायथन २.७ काढून टाकला. पेप ३९४ या पायथनच्या सूचनापत्राचा सल्लाही `पायथन३` असाच आहे. फक्त चालू केलेल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येच (एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) जी स्क्रिप्ट वापरायची, तिला `पायथन` चालू शकतं.

उलट टोकाला जाऊन `पायथन३.११` असंही लिहू नका. पुढच्या अपग्रेडला ते नाव जातं आणि स्क्रिप्ट बंद पडते.

९. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू आहे, तरी माझी स्क्रिप्ट म्हणते की मॉड्यूल सापडत नाही.

पहिल्या ओळीत `/यूएसआर/बिन/पायथन३` असेल. तो सिस्टीमचा पायथन. तुम्ही पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) घातलेली मॉड्यूल्स त्याला माहीत नाहीत. एन्व्ह वापरलंत की चालू एन्व्हायर्नमेंटचा पायथन मिळतो, कारण ती चालू करणं म्हणजे मुख्यतः तिची `बिन` डिरेक्टरी `पाथ` च्या आरंभी जोडणं.

पिप ज्या कमांड बसवतो त्यांची पहिली ओळ उघडून बघा. तिथे त्या एन्व्हायर्नमेंटच्या पायथनचा पूर्ण पाथ असतो, म्हणून त्या एन्व्हायर्नमेंट चालू न करताही बरोबर धावतात. याचीच दुसरी बाजू अशी, की ती डिरेक्टरी दुसरीकडे हलवली किंवा तिचं नाव बदललं, की आतल्या सगळ्या कमांड मोडतात. हलवू नका, नवी बनवा.

१०. फाइल समोर दिसतेय, तरी "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येतं!

सापडत नाही ती तुमची फाइल नाही, तिच्या पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर. संदेश दिशाभूल करणारा आहे. बॅश ५.२ पासून तो बदलून "रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड" असा केला, तोही फारसा उलगडून सांगत नाही. दोन कारणं नेहमीची.

पहिलं, इंटरप्रिटर खरंच नाही. अल्पाइनच्या लहान कंटेनर इमेजमध्ये बॅश नसतो, आणि आपली सुरुवातीची स्क्रिप्ट `#!/बिन/बॅश` म्हणत असते. बॅश बसवा, किंवा स्क्रिप्ट पॉसिक्समध्ये लिहून `/बिन/एसएच` वापरा.

दुसरं जास्त छळतं: विंडोजचे ओळशेवट. तिथले एडिटर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन अशी दोन अक्षरं ठेवतात. कर्नल फक्त न्यूलाइनला शेवट मानतो, म्हणजे कॅरेज रिटर्न इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग होतो. एकदा आमच्या टीममधली स्क्रिप्ट रात्रीतून बंद पडली. बदल फक्त एका कॉमेंटचा होता, एडिटरमध्ये ओळ निर्दोष दिसत होती, `बॅश नाव.एसएच` केलं की दुसऱ्याच विचित्र एरर येत होत्या. शेवटी हे केलं:

`हेड -एन १ नाव.एसएच | ओडी -सी`

आणि ओळीच्या शेवटी `\आर \एन` अशी जोडी उघडी पडली. तिथे एकटा `\एन` हवा. `डॉस२युनिक्स` ने फाइल साफ होते. पुन्हा होऊ नये म्हणून गिटच्या `.गिटॲट्रिब्यूट्स` मध्ये `*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ` ही ओळ घाला. मग कुणाचाही एडिटर काहीही करो, रिपॉझिटरीतून बाहेर येताना ओळशेवट बरोबरच येतात.

एरर "परमिशन डिनाइड" असेल तर मामला वेगळा: `सीएचमॉड +एक्स` राहिलं आहे, किंवा ते पार्टिशन `नोएक्झेक` ने माउंट केलं आहे.

११. शेबँग लिहिलीच नाही, तरी माझी स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये चालते. मग गरज काय?

कर्नलने नकार दिला होता. तो नकार पाहून तुमच्या शेलने सौजन्याने ती फाइल शेल स्क्रिप्ट समजून चालवली. हे सौजन्य प्रत्येक जण दाखवत नाही: पायथनच्या `सबप्रोसेस` मधून तीच फाइल थेट चालवा, "एक्झेक फॉरमॅट एरर" येईल. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसमधून चालवली तर २०३ हा स्टेटस मिळेल.

ओळ लिहूनही हीच एरर येत असेल तर फाइलच्या आरंभी यूटीएफ-८ चा बॉम (बाइट ऑर्डर मार्क) आहे का बघा. ते तीन अदृश्य बाइट `#` च्या आधी बसतात आणि कर्नलला `#!` दिसतच नाही. वरची एखादी रिकामी ओळ किंवा `#` आधीची एक स्पेसही तेवढीच घातक. `#!` नंतरची स्पेस मात्र चालते.

१२. हाताने चालवली की चालते, क्रॉनमध्ये टाकली की "नॉट फाउंड".

ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा `पाथ` तुटपुंजा असतो, बहुधा `/यूएसआर/बिन:/बिन` एवढाच. तुमचा इंटरप्रिटर `/यूएसआर/लोकल/बिन` मध्ये किंवा होम डिरेक्टरीत असेल, तर एन्व्हला तो दिसत नाही आणि स्टेटस १२७ येतो. क्रॉनटॅबच्या वरच्या भागात `पाथ=` ची ओळ घाला, किंवा कामाच्या ओळीत इंटरप्रिटरचा पूर्ण पाथ देऊन मग स्क्रिप्टचा द्या. दुसरा उपाय मला जास्त पटतो: मशीनपुरती माहिती क्रॉनटॅबमध्ये राहते, स्क्रिप्ट मोकळी राहते.

१३. फेडोराच्या पॅकेजमध्ये एन्व्ह चालत नाही म्हणतात. का?

कारण पॅकेजमधली कमांड ज्या इंटरप्रिटरवर तपासली, त्यावरच ती चालली पाहिजे. वापरणाऱ्याने होम डिरेक्टरीत स्वतःचा पायथन घेतला आणि तो `पाथ` मध्ये पुढे आला, तर एन्व्हमुळे सिस्टीमची साधनं त्या पायथनवर चालू लागतील आणि मोडतील. म्हणून फेडोराचे नियम पॅकेजमध्ये एन्व्हला मनाई करतात. डेबियनही पर्लच्या स्क्रिप्टला `/यूएसआर/बिन/पर्ल` असाच पाथ मागतो.

सुरक्षेचाही प्रश्न आहे. रूटने चालणाऱ्या स्क्रिप्टचा इंटरप्रिटर कुणाच्या तरी `पाथ` वरून ठरणं चांगलं नाही. तिथे पूर्ण पाथच लिहा. सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम फाइलच्या मालकाच्या अधिकारांनी चालवायला लावणारा) लावून काही साधेल अशी आशा लिनक्सवर ठेवू नका. स्क्रिप्टवरचा तो बिट कर्नल मानतच नाही.

१४. `#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पर्ल -डब्ल्यू` लिहिलं तर `पर्ल -डब्ल्यू` नावाची फाइल सापडत नाही म्हणतो!

लिनक्स इंटरप्रिटरनंतरचा सगळा मजकूर एकच आर्ग्युमेंट म्हणून देतो, त्याचे तुकडे करत नाही. त्यामुळे एन्व्ह मधल्या स्पेससकट `पर्ल -डब्ल्यू` याच नावाचा प्रोग्रॅम शोधतो. मॅकओएस तुकडे करतो, म्हणून मॅकवर लिहिलेली अशी ओळ तिथे चालते आणि सर्व्हरवर पडते.

एन्व्हचा मोठ्या एस चा ऑप्शन यासाठीच आहे: `#!/यूएसआर/बिन/एन्व्ह -एस पर्ल -डब्ल्यू`. फ्रीबीएसडीवर तो ६.० पासून आहे, ग्नू कोअरयुटिल्समध्ये ८.३० पासून, म्हणजे २०१८ पासून, आणि मॅकवरही आहे. त्याहून जुन्या लिनक्सवर नाही.

शक्य असेल तिथे ऑप्शन पहिल्या ओळीत ठेवूच नका. पर्लमध्ये `यूज वॉर्निंग्ज;` लिहा, बॅशमध्ये दुसऱ्या ओळीत `सेट -ई`. पहिल्या ओळीतला `-ई` प्रश्न २ मधल्या पद्धतीने चालवलं की गळून पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ऑक या मजकूर हाताळणाऱ्या भाषेला मात्र `-एफ` लागतोच. तिथे `#!/यूएसआर/बिन/ऑक -एफ` हे एकच आर्ग्युमेंट असल्याने थेट पाथने निभावतं.

१५. पहिली ओळ किती लांब असू शकते?

लिनक्सवर ५.१ च्या आधीच्या कर्नलमध्ये १२७ अक्षरं, त्यानंतर २५५. जुने कर्नल पुढचा भाग गुपचूप कापत. खोल डिरेक्टरीतल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ही मर्यादा खरोखर गाठली जाते. तेव्हा पिप पहिल्या ओळीत `/बिन/एसएच` लिहितो आणि दुसऱ्या ओळीतून खऱ्या पायथनला `एक्झेक` करतो, म्हणजे शेलच्या जागी तो सुरू करतो. ही दुसरी ओळ अशी रचलेली असते की शेलला ती कमांड वाटते आणि पायथनला नुसती स्ट्रिंग.

१६. इंटरप्रिटर म्हणून माझीच दुसरी स्क्रिप्ट देता येते का?

लिनक्सवर २.६.२८ पासून येते, काही पातळ्यांपर्यंत. मॅकओएसवर नाही. पोर्टेबल हवं असेल तर टाळा, किंवा मधे एन्व्ह घाला.

१७. `पीग्रेप` ला माझी स्क्रिप्ट नावाने सापडत नाही. आधी सापडायची.

`पीग्रेप` चालू प्रोसेस नावाने शोधतं, आणि तुम्ही पूर्ण पाथ काढून एन्व्ह घातलं असेल. थेट शेबँगमध्ये लिनक्स प्रोसेसला स्क्रिप्टचं नाव देतो. एन्व्ह मधे आलं की तो पुन्हा एकदा `एक्झेक` करतो आणि नाव `बॅश` किंवा `पायथन३` होतं. `पीग्रेप -एफ` मधला लहान एफ पूर्ण कमांड ओळ बघतो, त्याने सापडेल.

१८. विंडोजवर या ओळीला काही अर्थ आहे का?

विंडोजचा कर्नल ती बघत नाही. पण पायथन ३.३ पासून येणारा `पीवाय` लाँचर ती वाचतो आणि `/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३` चा अर्थही बरोबर लावतो. गिट बॅश, सिगविन आणि डब्ल्यूएसएलमध्ये ती नेहमीसारखी चालते. म्हणून विंडोजसाठी काढून टाकू नका.

१९. पूर्ण पाथ हवाच आहे, पण प्रत्येक मशीनवर तो वेगळा आहे. मग?

तो लिहिताना ठरवू नका, बसवताना ठरवा. मूळ फाइलच्या पहिल्या ओळीत `#!@पायथन@` अशी खूण ठेवा. इन्स्टॉलच्या वेळी `कमांड -व्ही पायथन३` ने खरा पाथ शोधा आणि सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने त्या जागी भरा. ऑटोकॉन्फचा कॉन्फिगर हेच करतो. एसएचसाठीही पॉसिक्स असंच सुचवतं: जागा गृहीत धरू नका, `गेटकॉन्फ पाथ` ने मिळालेल्या डिरेक्टऱ्यांत शोधा. पायथनचं पॅकेज बनवत असाल तर हे काम पिप तुमच्यासाठी करतो: पॅकेजमध्ये पहिली ओळ नुसती `#!पायथन` असते, आणि बसवताना तिथे प्रश्न ९ मधला पूर्ण पाथ येतो.